पाण्याने जोडलेलं, डोंगराने तोडलेलं

शाळेच्या भूगोलात द्वीपकल्पाची व्याख्या सोपी होती. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे जमीन. त्यातून मनात एक चित्र पक्कं बसतं. बेट म्हणजे एकटं पडलेलं, आणि द्वीपकल्प म्हणजे निदान एका हाताने तरी मुख्य भूमीला धरून असलेलं. क्रोएशियाच्या दक्षिणेला, डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर हे चित्र उलटं आहे. तिथे बेटावरची माणसं जगाच्या वाटेवर होती आणि आडबाजूला पडलं होतं ते पेल्येशाट्स, स्तोन गावापाशी मुख्य भूमीला चिकटलेलं आणि तिथून वायव्येकडे पासष्ट-सत्तर किलोमीटर पसरलेलं द्वीपकल्प.

याचं कारण दगडात आहे. एड्रियाटिक समुद्राच्या या काठावर चुनखडीच्या डोंगररांगा किनाऱ्याला समांतर धावतात. हिमयुग ओसरलं, समुद्र शंभराहून जास्त मीटर चढला, रांगांमधल्या दऱ्या बुडाल्या आणि माथे तेवढे वर राहिले. ब्राच, ह्वार, कोर्चुला, म्ल्येत ही बेटं म्हणजे ते माथे. पेल्येशाट्सही तसाच माथा, फक्त स्तोनपाशी त्याची एक खिंड बुडायची राहिली. भूगोलाच्या पुस्तकांत जगभरातल्या अशा किनाऱ्याला ‘डाल्मेशियन किनारा’ हेच नाव आहे. डोंगर आडवे आणि पाणी त्यांच्यामधून लांबच लांब गेलेलं, म्हणजे होडीला वाट मोकळी आणि पायी जाणाऱ्याला दर वेळी चढण. मोटारीचे रस्ते अगदी अलीकडचे. त्याआधी दोन-अडीच हजार वर्षं इथला माणूस शेजारच्या गावाला जायचा तो पाण्यावरून.

पेल्येशाट्सच्या टोकाकडे ओरेबिच आहे. तिथल्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर कोर्चुला शहर दिसतं, तटबंदीच्या बुरुजांसकट, घरांची कौलं वेगवेगळी ओळखू यावीत इतकं जवळ. फेरीने पंधरा-वीस मिनिटं. एवढ्याशा पाण्यातून पावणेचारशे वर्षं दोन राज्यांची सरहद्द गेली होती हे त्या धक्क्यावर कॉफी पिताना खरं वाटत नाही. कोर्चुला १४२० पासून १७९७ पर्यंत व्हेनिसकडे होतं. पेल्येशाट्स १३३३ पासून रागुझाकडे, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकच्या प्रजासत्ताकाकडे. ओरेबिचच्या वर डोंगरात फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. तिथून सगळी सामुद्रधुनी नजरेच्या टप्प्यात येते, आणि समोर व्हेनिसच्या गलबतांची काय हालचाल चालली आहे यावर रागुझाचं तिथून लक्ष असे. मठाची जागा त्यासाठीच निवडली होती हे पटायला अर्ध्या तासाची चढण पुरते. वर पोहोचल्यावर मी आधी देऊळ पाहिलं नाही, कठड्यापाशीच थांबले.

खाली गावात कप्तानांची घरं आहेत. बागा, लिंबांची झाडं आणि समुद्राकडे तोंड. १८६५ मध्ये इथल्या लोकांनी आपली जहाज कंपनी काढली, पेल्येशाट्सची सागरी मंडळी. भागभांडवल गावागावांतून उभं केलं. तिच्याकडे तेहेतीस मोठी शिडाची जहाजं होती. वाफेच्या जहाजांपुढे शिडांचा टिकाव लागेना आणि १८९१ मध्ये ती बंद झाली. ज्यांना स्वतःच्याच द्वीपकल्पाच्या दुसऱ्या टोकाला जायला खडतर डोंगरवाट होती, ती माणसं महासागर ओलांडून जात होती.

कोर्चुलाचं जुनं शहर वाऱ्याचा विचार करून बांधलेलं आहे. मधून एक मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना समुद्राकडे उतरणाऱ्या गल्ल्या. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ, कारण उन्हाळ्यात तिकडून ‘मायस्त्राल’ हा सुखाचा वारा येतो, तो घराघरांत फिरायला हवा. पूर्वेकडच्या किंचित वळवलेल्या, कारण हिवाळ्यात तिकडून ‘बुरा’ येते. डोंगरावरून खाली कोसळणारा हा कोरडा, थंड वारा ट्रकही उलटवतो. मी दोन्हीकडच्या गल्ल्यांतून वर-खाली केलं. दुपारी सरळ गल्लीत शर्ट फडफडत होता आणि पलीकडच्या वाकड्या गल्लीत दोरीवरचे कपडे स्तब्ध होते.

या शहराचा महाराष्ट्राशी एक धागा आहे आणि तो माझ्या फार आवडीचा आहे. १२९८ मध्ये कोर्चुलाच्या पाण्यात व्हेनिस आणि जिनोआ यांची मोठी लढाई झाली, व्हेनिस हरलं. याच लढाईत मार्को पोलो पकडला गेला असं परंपरेने मानलं जातं. पुढे जिनोआच्या तुरुंगात त्याने रुस्तिकेल्लो नावाच्या सहकैद्याला आपला प्रवास सांगितला आणि तो लिहिला गेला. त्या वर्णनात आपलं ठाणे आहे. ठाण्याच्या राजाचं समुद्री चाच्यांशी साटंलोटं आहे, लुटीतले घोडे राजाला द्यायचे आणि बाकीचा माल चाच्यांनी ठेवायचा, असं तो सांगतो. कोर्चुलात त्याचं म्हणून एक घर दाखवतात. ते खरंच त्याचं होतं याचा पुरावा नाही आणि मला त्याची गरजही वाटली नाही. ठाण्याच्या खाडीतली घोड्यांची गोष्ट एड्रियाटिकमधल्या लढाईमुळे कागदावर आली, एवढं मला पुरलं.

आता जमिनीकडून. स्तोनला पेल्येशाट्सचा गळा अगदी चिंचोळा होतो. रागुझाने चौदाव्या शतकात हा गळा भिंत बांधून बंद केला. मूळची तटबंदी सात किलोमीटरच्या आसपास होती, आज साडेपाच उरली आहे. ती डोंगरावरून चढत जाऊन पलीकडच्या माली स्तोन गावात उतरते. एवढ्याशा गावाला एवढी भिंत कशासाठी, याचं उत्तर पायथ्याशी चकाकत असतं. मिठागरं. युरोपातल्या आजही चालू असलेल्या सर्वांत जुन्या मिठागरांपैकी ही. त्या काळी मीठ म्हणजे रोकड होती. ते नसेल तर मासळी टिकत नाही, मांस टिकत नाही, चीज होत नाही.

समुद्राचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सोडत नेतात, ऊन आणि वारा त्याला दाट करत जातात, आणि शेवटच्या खाचरांत दाणा धरतो. त्या शेवटच्या खाचरांना संतांची नावं आहेत. एकालाच ‘मुंदो’, म्हणजे जग, असं नाव आहे. त्यातलं मीठ गावच्या सामान्य लोकांसाठी असे. मी गेले तेव्हा दोन कामगार लांब दांड्याच्या फावड्याने मिठाचे ढीग ओढत होते. पायात रबरी बूट, डोक्याला फडकं. मीठ करड्या रंगाचं, ओलसर, बोटांत चुरडलं की कचकचणारं. १९९६ च्या भूकंपात या गावाची मोठी पडझड झाली होती. काही घरं अजून तशीच आहेत, मिठागरं मात्र चालू आहेत.

माली स्तोनच्या खाडीत कालवं पिकवतात. दोराला लावून पाण्यात टांगलेली, चपटी, गोल. खाडीच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात आणि नेरेत्वा नदीचं पाणीही जवळच समुद्राला मिळतं, त्यामुळे इथलं पाणी फार खारट नाही. होडीवाल्याने दोर वर ओढला, चिखल झटकला, आखूड सुरीचं टोक बिजागरीत घालून मनगट फिरवलं आणि उघडलेलं कालव लिंबू पिळून हातात दिलं. कच्चं. आधी नुसतं समुद्राचं खारं पाणी जिभेवर, मग गोडसर चव, आणि शेवटी तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यावर उरते तशी धातूची चव. माझ्यासोबतच्या काकूंनी मान हलवून नकार दिला. “रस्सा केला असता तर खाल्लं असतं,” असं त्या मराठीत होडीवाल्यालाच म्हणाल्या, आणि तो हसला.

स्तोनहून ओरेबिचकडे जाताना वाटेत पोतोम्ये लागतं. गाव डोंगराच्या उत्तरेला, द्राक्षमळे डोंगराच्या दक्षिणेला, समुद्रावर ओठंगलेल्या उतारावर. या उताराचं नाव डिंगाच. द्राक्ष ‘प्लावात्स माली’ जातीचं, काळंनिळं, लहान. तिथे सूर्य तीनदा लागतो असं स्थानिक सांगतात. एकदा वरून, एकदा समुद्रावरून उलटून, एकदा पांढऱ्या दगडावरून. काही ठिकाणी उतार इतका उभा आहे की तोडणी करताना एक पाय घट्ट रोवल्याशिवाय दुसरा उचलता येत नाही. पिकलेली द्राक्षं गाढवांच्या पाठीवर लादून डोंगर चढायचा आणि पलीकडे गावात उतरायचा, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. १९६१ मध्ये डिंगाचला क्रोएशियातली पहिली संरक्षित वाईन म्हणून मान्यता मिळाली, तरी गाढवं चढतच होती. मग १९७० च्या दशकात गावकऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून डोंगरातून चारशे मीटरचा बोगदा खणला. तो आजही तसाच आहे, एका गाडीपुरता, आतून ओबडधोबड. गाव आणि त्याचं स्वतःचं शेत यांच्यामध्ये बोगदा खणावा लागतो, यापेक्षा जमिनीने तोडणं वेगळं काय असतं?

असतं, त्याहून मोठंही असतं. दुब्रोव्निककडून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की मध्येच क्रोएशिया संपतो. न्यूम नावाच्या शहराभोवतीचा साधारण वीस किलोमीटरचा किनारा बोस्निया आणि हर्जेगोविनाचा आहे. रस्ता त्यातून नऊ-दहा किलोमीटर जातो आणि मग पुन्हा क्रोएशिया सुरू होतो. हे कुठल्या आधुनिक तहाचं फळ नाही. १६९९ च्या कार्लोवित्झच्या तहाच्या वेळी रागुझाला तुर्कांपेक्षा व्हेनिसची जास्त धास्ती होती. व्हेनिसच्या मुलखाशी आपली जमीन थेट भिडूच नये म्हणून त्यांनी उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक पट्टा ऑटोमन साम्राज्याला देऊन टाकला. दांडग्या शेजाऱ्याला दूर ठेवायला त्याहून दांडगा मध्ये बसवला. रागुझा गेलं, व्हेनिस गेलं, ऑटोमन गेले. उत्तरेकडचा पट्टा राहिला. युगोस्लाव्हिया असेपर्यंत कुणाला जाणवला नाही; देश फुटल्यावर त्यावर पासपोर्ट तपासणारे बसले, आणि २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात गेल्यावर ती संघाची बाहेरची सीमा झाली. उन्हाळ्यात तिथे मोटारींच्या रांगा लागत.

तोडगा निघाला तो समुद्रावरून. २६ जुलै २०२२ रोजी पेल्येशाट्सचा पूल खुला झाला, दोन हजार चारशे मीटर लांब. पैसा मुख्यतः युरोपीय संघाचा, बांधकाम चिनी कंपनीचं. मुख्य भूमीवरून निघायचं, पुलाने पेल्येशाट्सवर यायचं आणि स्तोनकडून पुन्हा मुख्य भूमीवर उतरायचं. म्हणजे एकाच देशाचे दोन तुकडे जोडायला जमीन उपयोगी पडली नाही, पाणी पडलं. पूल देखणा आहे, केबलींचे पांढरे पंखे दुरून दिसतात. पण मला त्याच्या देखणेपणापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं, की इथल्या लोकांनी हजारो वर्षांचा आपला जुना शहाणपणाच पुन्हा वापरला.

ह्वार बेटाबद्दल मासिकांत जे छापून येतं ते बहुतेक ह्वार शहराच्या नौका आणि रात्रींबद्दल असतं. ते मी सोडून देते. ह्वारचं मन स्तारी ग्राद गावाबाहेरच्या सपाटीत आहे. इ.स.पू. ३८४ मध्ये एजियनमधल्या पारोस बेटावरून ग्रीक इथे आले आणि त्यांनी ‘फारोस’ वसवलं. आधीपासून राहणाऱ्या इलिरियन लोकांनी मुख्य भूमीवरून कुमक मागवून त्यांच्याशी लढाई केली, ती हरले. मग ग्रीकांनी सपाटी मोजली. साधारण १८१ मीटर रुंद आणि ९०५ मीटर लांब अशा आयतांत आखली आणि वाटून घेतली. तीच आखणी आज उभी आहे. तीच द्राक्षं, तेच ऑलिव्ह, त्याच हद्दी. २००८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. इथे सापडलेल्या एका दगडावर ‘पिथेओसचा मुलगा माथिओस याच्या जमिनीची हद्द’ एवढंच कोरलेलं आहे. चोवीसशे वर्षांपूर्वीचा सातबाराच म्हणायचा.

हद्दी दाखवतात ते गडगे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. एका शेताच्या कडेला मी बराच वेळ एक पडका गडगा निरखत बसले. पडल्यामुळे त्याचं पोट दिसत होतं. दोन्ही तोंडांना मोठे दगड, मधे मूठभर-मूठभर खडीचा भराव. मोठ्या दगडांच्या सपाट बाजू बाहेर आणि ओबडधोबड बाजू आत, एकमेकींत अडकलेल्या. दोन दगडांच्या सांध्यावर नेहमी तिसरा. पाणी कुठूनही पाझरून जातं म्हणून पावसाने तो फुगत नाही. जवळच्या शेतात एक म्हातारे गृहस्थ ऑलिव्हच्या बुंध्याशी काम करत होते. जाता जाता ते थांबले, खाली पडलेला एक दगड उचलला, हातात दोनदा फिरवला, जागेवर बसवला, तळव्याने ठोकला आणि पुढे गेले. अशा गडग्यांच्या कलेचा २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात समावेश केला, क्रोएशियासह आठ देशांच्या नावे.

मुळात हे गडगे हद्दीसाठीच होते असं नाही. दगड वेचल्याशिवाय खाली माती मिळत नव्हती, आणि वेचलेला दगड ठेवायचा कुठे, म्हणून भिंत. सपाटी सोडून डोंगरांवर पाहिलं तर झाडीत गुडूप झालेले शेकडो गडगे दिसतात. एकेकाळी तिथे वर माथ्यापर्यंत द्राक्षं होती. १८९१ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने इटलीशी व्यापारी करार केला, स्वस्त इटालियन वाईन आली आणि भाव कोसळला. पाठोपाठ मुळांना खाणारी फायलोक्सेरा नावाची कीड आली आणि वेलीच गेल्या. माणसं अमेरिकेला, चिलीला, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. ज्या हातांनी तो दगड वेचला त्यांची नातवंडं आज कुठल्या भाषेत बोलतात कोण जाणे. हे रान पाहताना मला गलबलून येतं आणि ते मी लपवत नाही.

म्ल्येत बेटावर भारताची एक आठवण जिवंत फिरते. ती म्हणजे मुंगूस. बेटावर ‘पोस्कोक’ नावाचे, नाकावर शिंग असलेले, फुरशाच्या कुळातले विषारी साप फार झाले होते. ऑस्ट्रियन राजवटीत, १९१० मध्ये, त्यांच्यावर उपाय म्हणून अकरा भारतीय मुंगसं आणून सोडली. सापांचं त्यांनी खरोखर काम तमाम केलं. मग कोंबड्यांकडे, पक्ष्यांच्या अंड्यांकडे वळली. तिथून ती पेल्येशाट्स, कोर्चुला, ह्वारपर्यंत पोहोचली, काही ठिकाणी माणसांनीच नेली. आज युरोपीय संघाच्या उपद्रवी परकीय प्राण्यांच्या यादीत हे मुंगूस आहे. तळ्याकाठच्या पाइनच्या रानात भर दुपारी एक मुंगूस वाट ओलांडताना दिसलं. तेच लालसर डोळे, तीच जमिनीलगतची धाव. आपल्याकडे मुंगूस दिसणं शुभ. तिथला कोंबड्या पाळणारा शेतकरी हे ऐकून घेणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. मुंगसाला दोष देता येत नाही. अकरा प्राणी सोडून एक बेट दुरुस्त होईल असं ज्यांनी मानलं, त्यांचा तो हिशेब होता.

विस हे बेट सर्वांत लांबचं. युगोस्लाव्ह सैन्याचा तळ असल्यामुळे परदेशी माणसाला १९८९ पर्यंत तिथे पाऊल टाकता येत नव्हतं. त्यामुळे तिथे सिमेंट उशिरा पोहोचलं. विसच्या पश्चिमेला कोमिझा आहे, कोळ्यांचं गाव. इथली होडी ‘फाल्कुशा’. साधारण नऊ मीटर लांब, पाच जणांची, एक शीड. तिची खुबी अशी की बाजूच्या फळ्या काढता-घालता येतात. उघड्या समुद्रात फळ्या लावायच्या म्हणजे लाटा आत येत नाहीत. जाळं टाकताना काढायच्या म्हणजे हात पाण्यापर्यंत पोहोचतो. या होड्या बेचाळीस सागरी मैल दूर पलाग्रुझा नावाच्या खडकाळ बेटावर जात, म्हणजे जवळपास इटलीच्या दारात. वारा पडला तर वल्ही मारत. पलाग्रुझावर होड्या ओढून ठेवायला जागा मोजकीच, म्हणून आधी पोहोचेल त्याला जागा, आणि म्हणून शर्यत. या शर्यतीची पहिली नोंद १५९३ ची आहे. हौसेची शर्यत नव्हे ती. हरणाऱ्याचा हंगाम बुडे. पकडलेली सार्डिन तिथेच मिठात घालून पिंपांत भरत.

कोमिझाचे कोळी पुढे कॅलिफोर्नियात सॅन पेद्रोला गेले आणि तिथेही मासेच धरू लागले. अमेरिकेतली ‘स्टारकिस्ट’ ही डबाबंद ट्यूनाची कंपनी ज्याने उभी केली तो मार्टिन बोगदानोविच कोमिझाचाच. विसवर आज साडेतीन हजारही माणसं राहत नाहीत.

पाणी जोडतं हे मी आत्मीयतेने सांगते आहे, पण ते बारा महिने जोडत नाही हे तिथे राहणारी माणसं चांगलं जाणतात. दक्षिणेचा ‘युगो’ वारा दोन-तीन दिवस लागला की लाटा उंच होतात आणि कॅटामरान, म्हणजे प्रवाशांची वेगवान बोट, रद्द होतो. मुख्य भूमीवरच्या स्प्लित शहरातल्या रुग्णालयात जायचं असेल, मुलाची परीक्षा असेल, तर हवामानाचा अंदाज बघून दिवस ठरवायचा. उन्हाळ्यात ज्या धक्क्यावर दिवसभर बोटी लागतात, तिथे हिवाळ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या येतात. बेट तगेल की ओस पडेल हे त्या हिवाळी वेळापत्रकावर ठरतं, ऑगस्टमधल्या गर्दीवर नाही. बेटांवर जायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये जा, आणि चार पैसे तिथल्या खाणावळीत, वाण्याच्या दुकानात, मीठवाल्याकडे खर्च करा, असं मी प्रत्येकाला सांगते.

पूल झाल्यावर प्लोचे बंदरातून पेल्येशाट्सवरच्या त्रपान्यला जाणारी जुनी फेरी बंद पडेल असं अनेकांना वाटलं होतं. ती चालू आहे. त्रपान्यच्या माणसाला प्लोचेला जायचं तर रस्त्याने आधी डोंगर चढून उतरायचा, द्वीपकल्पाच्या कण्यावरून पुलापर्यंत यायचं आणि मग किनाऱ्याने पुन्हा उत्तरेला जायचं. फेरीने तासाभरात, बसल्या जागी. मी गेले तेव्हा बोटीवर दोन ट्रॅक्टर होते, ऑलिव्हच्या रोपांनी भरलेला एक टेम्पो होता, आणि बाकीच्या बहुतेकांनी खलाशाला नावाने हाक मारली.